रॉबर्ट स्मिथसन

रॉबर्ट स्मिथसन (अंदाजे १५३५ ते १६१४) हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला इंग्लंडमधला आर्किटेक्ट, गावाकडच्या श्रीमंत लोकांचे मोठमोठे वाडे बांधणारा. मुळात हा पाथरवट. त्या काळात तिकडे आर्किटेक्ट असा वेगळा धंदाच नव्हता, मालक स्वतःच प्लॅनमध्ये लुडबुड करायचे आणि मुख्य पाथरवट, सुतार मिळून घर उभं करायचे, त्यामुळे हाताने दगड घडवणारा माणूस अख्ख्या घराचं डिझाईन करायला लागला ही त्याच्या आयुष्यातली खरी मोठी गोष्ट आहे.

१५६८ मध्ये राणीच्या मुख्य पाथरवटाच्या शिफारशीवरून तो विल्टशरमध्ये सर जॉन थिन यांच्या लाँगलीट या वाड्याच्या कामावर आला, सोबत स्वतःची पाथरवटांची टोळी घेऊन. तिथे अ‍ॅलन मेनार्ड नावाच्या फ्रेंच कारागिराबरोबर काम केलं. थिन वारले १५८० मध्ये, आणि त्याच वर्षी नॉटिंगहॅमजवळ सर फ्रान्सिस विलोबी यांच्या वोलाटन हॉल या वाड्याचं काम सुरू झालं, ते १५८८ पर्यंत चाललं. विलोबींकडे कोळशाच्या खाणींचा पैसा होता. इथे स्मिथसनने मधला मोठा हॉल चारही बाजूंनी खोल्यांनी वेढला, मग उजेड यायचा कुठून? तर हॉल उंच नेला आणि खिडक्या पार वर काढल्या, त्याच्यावर अजून एक खोली चढवली, चहूकडचा परिसर बघायला.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर काम म्हणजे डर्बीशरचा हार्डविक हॉल (१५९० ते १५९७). प्लॅन त्याचाच मानतात. बेस ऑफ हार्डविक ही चार लग्नं झालेली, इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक, तिच्यासाठी हे घर बांधलं. हार्डविकला भिंतीपेक्षा काचच जास्त असं लोक म्हणायचे आणि काच तेव्हा चांगलीच महाग होती, म्हणजे खिडकी हीच श्रीमंती. मजला चढत जाऊ तशा खिडक्या उंच होत जातात कारण मानाच्या खोल्या सगळ्यात वर आहेत, आणि सहा बुरुजांच्या माथ्यावर दगडात बाईंची आद्याक्षरं. घरातला मुख्य हॉलसुद्धा त्याने आडवा न ठेवता दारातून सरळ आत जाणारा केला, इंग्लंडमध्ये हे नवीन होतं. बाहेरून बघितलं तर दोन्ही बाजू अगदी सारख्या, उगीच नक्षीचा पसारा नाही, वोलाटनला तो भरपूर आहे म्हणून हा फरक लगेच डोळ्यात भरतो.

१६१४ मध्ये तो वोलाटनला वारला, तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलंय आणि थडग्यावरच्या लेखात त्याला चक्क आर्किटेक्ट म्हटलंय. मुलगा जॉन पण याच धंद्यात आला, बोल्सोव्हर कॅसलवर त्याने काम केलं. बापलेकांची बरीच ड्रॉइंग्ज लंडनला ब्रिटिश आर्किटेक्टच्या संस्थेच्या संग्रहात टिकून आहेत, त्या काळातल्या इंग्लंडमधली इतकी ड्रॉइंग्ज एका घराण्याची सापडणं फार दुर्मिळ आहे.