नायिका नावडती का होते

फोंड्याच्या आमच्या वाचनगटाने गेल्या महिन्यात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी वाचायला घेतली आणि तिच्यातल्या विधवा नायिकेवरून, यमूवरून, बोलणं वाढलं. कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "इतकं सोसते कशाला? मला तिचा रागच येतो." शेजारच्या काकींनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. "आमच्या घरात आजोबांची बहीण होती. विधवेचं लाल आलवण नेसायची. जाणार कुठे गो ती?"

नायिकेचा राग येणं जुनंच आहे, कारण तेवढं उलटलंय. 1857 साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी निघाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच लेखक फ्लोबेरवर 'मादाम बोव्हारी' या व्यभिचारी नायिकेच्या कादंबरीबद्दल नीती बिघडवल्याचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कादंबरी लेकीसुनांच्या हाती द्यावी का, हाच तेव्हा प्रश्न होता. म्हणून नायिका म्हणजे कित्ता. कित्ता सोडून वागली की ती वाया गेलेली.

पण नुसता कित्ताही कुणाला गोड लागत नाही. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनने आपल्या 'मॅन्सफील्ड पार्क' (1814) या कादंबरीबद्दल घरच्यांची मतं टिपून ठेवली होती. तिची सुशील, सोशिक नायिका फॅनी खुद्द ऑस्टिनच्या आईलाच नीरस वाटली! पुढची नायिका, एमा, माझ्याशिवाय कुणाला फारशी आवडणार नाही, असं ऑस्टिन म्हणाल्याचं तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. 1933 मध्ये विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. तिच्यात नवऱ्याने टाकलेली बाई दुसऱ्यावर प्रेम करते, हे लोकांना सोसवेना. त्या टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या.

यमूने सोसलं म्हणून चिडायचं आणि 'हिंदोळ्यावर'मधलीने सोसलं नाही म्हणूनही. मला हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं वाटतं. यमूला कोंडणारं घर बाजूलाच राहतं, बोलणी तिलाच बसतात. त्या मुलीचा राग मला समजतो, तिला यमूला सोडवायचंय. पण यमूचं वय, तिच्या हाती नसलेला पैसा, मिटलेलं माहेर हेही वाचायला हवं.

ग्रंथालयातून आणलेल्या आमच्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीने जागोजागी 'मूर्ख' लिहिलंय. केशवपनाच्या पानांवर मात्र समास कोरा आहे.