अक्काच्या लॉनचं काय करायचं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. "एवढं पाणी घालतो, तरी पिवळं ते पिवळंच की रे. काढून ते प्लास्टिकचं टाकून घेऊ काय?"

बेळगावात हिंदवाडीला तिच्या घरापुढं पाचशे चौरस फुटांची लॉन आहे. नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. होळी झाली की बोअरचं पाणी खाली जातं. दाजींचे गुडघे आता पाइप ओढत फिरू देत नाहीत. शेजारच्या दोन घरांपुढं कृत्रिम गवत आलंय आणि ते भर उन्हाळ्यात पोपटी दिसतं. अक्कानं दुकानातून नमुन्याचा फूटभर तुकडाही आणून ठेवला होता. तिचा प्रश्न उगाच नव्हता, म्हणून रविवारी दुपारी मी तिच्याकडं गेलो.

दुपारी एकला आम्ही दोन गोष्टी केल्या. नमुन्याचा तुकडा लॉनच्या कडेला, उन्हातच ठेवला. सकाळी पाणी घातलेल्या हिरव्या कोपऱ्यावर काचेचा एक वाडगा पालथा घातला. थोड्याच वेळात वाडग्याच्या आतून वाफ धरली आणि मग बारीक थेंब जमले. तुकड्यावर अक्कानं तळहात टेकवला आणि लगेच उचलला. शेजारच्या गवतावर मात्र ती हात ठेवून निवांत बसली. दोन्हींवर पडणारं ऊन एकच होतं. फरक होता तो त्या थेंबांचा.

गवताच्या पात्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पातं ती उघडतं, आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती पात्यातूनच घेतली जाते. खानापूरच्या माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं गवत गार राहतं. माठ झिरपतो, गवतही झिरपतं. प्लास्टिकच्या पात्याला ना छिद्र, ना मूळ. त्यानं शोषलेल्या उन्हानं ते स्वतः तापतं आणि मग वरच्या हवेला, शेजारच्या भिंतीला, खेळणाऱ्या पोराच्या तळपायाला तापवतं.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ पाऊण युनिट. उन्हाळ्यात हरळीच्या जातीच्या गवताला दिवसाला साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर पाणी लागतं, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. अक्काची लॉन ४६ चौरस मीटरची आहे, म्हणजे रोज दीडशे लिटर. ते सगळं वाफ झालं तर शंभर युनिटांइतकी उष्णता अंगणातून उचलली जाते. एक टनाचा एसी तासाला खोलीतली साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. त्या हिशेबानं ही लॉन म्हणजे एक टनाचा एसी दिवसरात्र चालू ठेवल्यासारखंच आहे. तो गारवा खोलीत येत नाही, उघड्यावर वाऱ्याबरोबर पसरतो, हे खरं. पण गवतावर बसणाऱ्याला आणि त्यावरून खिडकीत येणाऱ्या वाऱ्याला तो कळतो.

मला वाटतं, इथंच या प्रश्नाची खरी गाठ आहे. लॉनला घातलेलं पाणी वाया जात नाही, ते गारवा होऊन परत मिळतं. हा गारवा आपल्याला हवाय का, आणि कितीला परवडतो, एवढंच ठरवायचं असतं. प्लास्टिकचं गवत पाणी वाचवतं हे अगदी खरं आहे. फक्त पाण्याबरोबर गारवाही जातो, आणि ते विकताना कुणी सांगत नाही.

किती तापतं ते बघा. अमेरिकेत युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं २००२ साली फुटबॉलच्या सरावासाठी कृत्रिम गवताचं मैदान केलं. मैदान फार तापतं अशी तक्रार होऊ लागली, म्हणून तिथल्याच शास्त्रज्ञांनी मोजमाप घेतलं. सकाळी सात ते संध्याकाळी सातपर्यंतची सरासरी काढली, तर खऱ्या गवताचा पृष्ठभाग २६ अंश सेल्सिअसच्या आसपास होता. डांबराचा ४३ आणि कृत्रिम गवताचा ४७. प्लास्टिक डांबराच्याही पुढं गेलं! हवा ३७ अंशांवर असलेल्या एका दिवशी तर कृत्रिम गवतावर ९३ अंश भरले. मग त्यांनी पाणी मारून बघितलं. ७९ अंशांवरचा पृष्ठभाग २९ वर उतरला, पण पाच मिनिटांत पुन्हा ४९ वर आणि वीस मिनिटांत ७३ वर गेला. माती पाणी धरून ठेवते आणि मुळांवाटे हळूहळू वर पाठवते. प्लास्टिकवर तो साठाच नसतो, म्हणून मारलेलं पाणी उडालं की विषय संपला.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ३६-३७ पर्यंत जातो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळं संध्याकाळ सुखाची असते, पण दुपारचं ऊन कडकच. पोरं क्रिकेट खेळायला जातात त्या कृत्रिम गवताच्या टर्फवर दिवे लागल्यानंतरच गर्दी का होते, हे वेगळं सांगायला नको. सूर्य मावळला की ते गवत लवकर निवतं, कारण प्लास्टिक पातळ असतं आणि उष्णता फार साठवत नाही. रात्री खेळायच्या मैदानाला ते चालतं. दुपारी नातवंडं अनवाणी पळणाऱ्या अंगणाचं तसं नाही.

आता जमिनीखालचं. कृत्रिम गवत नुसतं अंथरून भागत नाही. आधी माती उकरायची, खडी आणि ग्रिट टाकून दाबायची, वर गादीसारखं गवत चिकटवायचं. अनेक ठिकाणी सरळ कोबा करूनच त्यावर गवत टाकतात, कारण सपाटी चांगली येते. खाली खडी असेल तर गवताच्या पाठीवरच्या भोकांतून पाणी मुरतं. कोबा असेल तर ते थेट गटारात जातं.

आणि इथं पाऊस थोडा नाही. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पडतो. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं गेलात तर त्याच्या कितीतरी पट, आणि पूर्वेला अथणीकडं सुमारे निम्माच. शहराचाच आकडा धरला तरी अक्काच्या ४६ चौरस मीटरवर वर्षाला ५५ हजार लिटर पाणी आभाळातून पडतं. उन्हाळ्याच्या दीडशे दिवसांची लॉनची गरज साडेबावीस हजार लिटर. म्हणजे पावसाळ्यात त्याच तुकड्यावर गरजेच्या दुपटीहून जास्त पाणी येऊन जातं. आपण ते जमिनीत जाऊ देतो की नाही, यावर होळीनंतर बोअरची अवस्था थोडीफार तरी ठरते. आपली तांबडी माती आणि खालचा जांभा पाणी चांगलं पितात. गांडुळांनी केलेल्या वाटा आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या त्याला आत नेतात. वरून पाला-गवत मिळायचं बंद झालं की गांडुळांचं खाणं संपतं, ती निघून जातात, आणि माती घट्ट होत जाते.

कुत्रं पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. मातीत तो पुढं नायट्रेट होतो आणि गवत ते खत म्हणून घेतं. प्लास्टिकवर युरियाचा अमोनिया होतो, पण तो घेणारं कुणीच नसतं. म्हणून उन्हात वास मारतो आणि रोज धुवावं लागतं. वाचलेलं पाणी असं परत खर्ची पडतं.

दुसरी अडचण उशिरा कळते. हे गवत बहुतेक पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचं असतं. उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांब रेणूसाखळ्या तोडतात. त्यांना थोपवणारी रसायनं प्लास्टिकात मिसळलेली असतात, पण ती हळूहळू संपतात. मग पाती ठिसूळ होऊन तुटतात, केराबरोबर झाडली जातात आणि पावसाबरोबर ओढ्यात जातात. घरगुती दर्जाचं गवत साधारण दहा वर्षांत बदलावं लागतं. तेव्हा हातात उरतो तो पातं एका प्लास्टिकचं, पाठ दुसऱ्याची, मध्ये डिंक आणि वाळू असा गुंडाळा. भंगारवाला तो घेत नाही, कारण ते थर वेगळे करणं परवडत नाही.

जगात याचा विचार आता कायद्यापर्यंत गेलाय. मैदानावरच्या कृत्रिम गवतात टायरच्या रबराचे दाणे भरतात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात हे दाणेही आहेत. त्यांची विक्री थांबवायला आठ वर्षांची मुदत दिली. कॅलिफोर्नियानं दुष्काळाच्या काळात, २०१५ मध्ये, घरापुढच्या कृत्रिम गवताला बंदी घालू नका असं गावांना बजावलं होतं. २०२३ मध्ये त्याच राज्यानं कायदा बदलून गावांना बंदीची मोकळीक दिली. पाण्याच्या टंचाईनं ज्यांना या गवताकडं ढकललं, त्यांनीच आठ वर्षांत मागं वळून बघितलं.

गच्चीवर, माती नसलेल्या बाल्कनीत किंवा दोन इमारतींच्या मधल्या, वर्षभर ऊन न पडणाऱ्या पट्टीत खरं गवत जगतच नाही. तिथं कुणी प्लास्टिकचं टाकलं तर मी अडवणार नाही. गच्चीवर फक्त खालचं वॉटरप्रूफिंग आधी नीट बघून घ्यावं. गवताखाली ओल अडकली तर स्लॅबची गळती महिनोन् महिने दिसत नाही.

अक्काचं अंगण यातलं नव्हतं. तिथं माती आहे, ऊन आहे, पाऊस आहे. नव्हतं ते फक्त योग्य गवत. तिच्याकडं नर्सरीतून आणलेलं मेक्सिकन गवत होतं. दिसायला गादीसारखं, पण मुळं वरच्यावर, म्हणून चार दिवस पाणी चुकलं की पिवळं. आणि ती रोज थोडं थोडं पाणी शिंपडायची. त्यानं मुळं वरच राहतात, कारण ओल जिथं असते तिथंच ती वाढतात. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी दिलं तर ओल खोल जाते आणि मुळं तिच्या मागं जातात. पातीही तिनं अगदी तळाशी कापली होती. दोन इंच ठेवली असती तर मातीवर सावली राहिली असती.

"मग हरळी लाव," मी म्हटलं.

"हरळी? शेतातली? बाबांनी जन्मभर उपटली ती!"

तिचं म्हणणं खरं होतं. हरळी शेतकऱ्याची वैरीण आहे, आणि ज्या गुणामुळं ती वैरीण आहे तोच अंगणात कामाला येतो. तिची खोडं जमिनीखालून सरपटतात आणि प्रत्येक पेराला डोळा असतो. मुळं मीटरभर खाली जाऊ शकतात. ती मका-उसाच्या गटातली आहे. या गटाच्या पानात कार्बन डायऑक्साइड धरायची वेगळी यंत्रणा असते, त्यामुळं छिद्रं फारशी न उघडता काम भागतं आणि पाणी कमी जातं. पाणी अगदीच तुटलं तर ती वरची पाती वाळू देते आणि जीव जमिनीखाली सांभाळून ठेवते. ती मेलेली नसते, थांबलेली असते. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी.

शेवटी आम्ही असं ठरवलं. पाचशेपैकी तीनशे फूट लॉन काढायची. त्यात कुंपणाकडं प्राजक्त, जास्वंद आणि कढीपत्ता, आणि फाटकापासून पायरीपर्यंत मधे सांधा सोडून जांभ्याचे दगड. उरलेल्या दोनशे फुटांत हरळी, तीही पाऊस सुरू झाल्यावर लावायची, म्हणजे पहिली मुळं फुकटच्या पाण्यावर धरतील. एप्रिल-मेमध्ये ती तांबूस पडली तर पडू द्यायची. दाजींना हे शेवटचं पटायला वेळ लागला. पिवळी लॉन म्हणजे घरात कुणी लक्ष देत नाही, असं त्यांना वाटतं. मला वाटतं, वर्षातले दोन महिने पिवळं असणं हे इथल्या गवताचं खरं रूप आहे. राकसकोपच्या वाटेवरचे माळ बघा, मेमध्ये त्यांचा रंग कोणता असतो ते.

मे संपता संपता दोन वळीव झाले. पाचव्या दिवशी अक्कानं फोटो पाठवला. जुन्या लॉनच्या कडेला, जिथं तिनं मुद्दाम काहीच लावलं नव्हतं, तिथं कुंपणाखालून आलेली हरळी वीतभर पसरली होती. खाली लिहिलं होतं, "ही आपसूकच आली बघ. ठेवू ना?"