‘सररिअल’मधला आपला ‘वर’

एप्रिल २०२०. व्हॉट्सॲपवर दादरच्या पुलाचा फोटो आला. भर दुपारची वेळ, आणि अख्ख्या पुलावर फक्त एक कुत्रं आडवं पसरलेलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘काय सररिअल वाटतंय!’ ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं, ‘म्हणजे काय रे?’ उत्तर आलं, ‘स्वप्नात असल्यासारखं.’

उत्तर बरोबरच होतं. गंमत एवढीच, की हा शब्द घडला तेव्हा त्याचा स्वप्नाशी फारसा संबंध नव्हता.

तो घडवला गियोम अपोलिनेर या फ्रेंच कवीने, १९१७ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं. आदल्या वर्षी तोफगोळ्याचा तुकडा डोक्यात शिरून तो जखमी झाला होता. १८ मे १९१७ ला पॅरिसमध्ये ‘पराद’ नावाचा बॅले रंगमंचावर आला. नेपथ्य आणि वेशभूषा पिकासोची, संगीत एरिक सातीचं, आणि त्या संगीतात चक्क टाइपरायटर, सायरन आणि पिस्तुलाचे बार. कार्यक्रमपत्रिकेतल्या टिपणात अपोलिनेरने ‘स्यूर-रेआलिझ्म’ हा शब्द वापरला. पुढच्याच महिन्यात त्याचं स्वतःचं नाटक आलं, आणि ते छापलं गेलं तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्याने एक झकास उदाहरण दिलं: माणसाला चालण्याची नक्कल करायची होती, तेव्हा त्याने चाक बनवलं, आणि चाक काही पायासारखं दिसत नाही. म्हणजे वास्तवाची हुबेहूब नक्कल न करताही वास्तवाचं काम साधायचं. यात धुकं नाही, गूढ नाही. असलीच तर कारागिरी आहे.

शब्दाची फोड केली तर आपलेच नातेवाईक भेटतात. फ्रेंच ‘स्यूर’ म्हणजे वर. तो आला लॅटिन ‘सुपर’मधून, आणि ‘सुपर’चा भाऊबंद म्हणजे संस्कृत ‘उपरि’, ज्यातून आपला ‘वर’ आला. सरचार्ज, सरनेम यांतला ‘सर’ही तोच. ‘रिअल’च्या मुळाशी लॅटिन ‘रेस’ म्हणजे वस्तू, मालमत्ता; वेदांतला ‘रयि’, म्हणजे धन, त्याच घराण्यातला.

अपोलिनेर नोव्हेंबर १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. मग शब्द लागला आंद्रे ब्रेतॉनच्या हाती. हा वैद्यकाचा विद्यार्थी. युद्धात मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलेला, स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉइडने भारावलेला. ऑक्टोबर १९२४ मध्ये, नव्या साहित्य-कला चळवळीच्या जाहीरनाम्यात त्याने सररिअ‍ॅलिझमची व्याख्याच बदलली: बुद्धीचा पहारा उठवून मनातून जे येईल ते येऊ द्यायचं. स्वप्न शब्दाला चिकटलं ते इथे. मराठीत आपण याला अतिवास्तववाद म्हणतो. बोलताना मात्र ‘आक्रीत’ हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो.

पहारा उठतो हे ब्रेतॉनने ताडलं होतं. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ती झोप, म्हणजे रेम झोप, नोंदवली. ठसठशीत स्वप्नं बहुतांशी तेव्हाच पडतात. पुढे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं, की या झोपेत भावनांशी जोडलेले भाग जोरात असतात, आणि कपाळामागचा जो भाग तर्क लावतो, ताळा जमवतो, तो मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नात वारलेली आजी शाळेच्या वर्गात पोळ्या लाटत बसलेली असते आणि आपण शांतपणे ताट पुढे करतो. ‘आजी, तू इथे कशी?’ हे सुचतं ते जाग आल्यावर.

म्हणजे ‘सररिअल’ वाटायला माणूस जागा लागतो. २०१६ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने हा ‘वर्षाचा शब्द’ ठरवला, कारण ब्रसेल्सचे हल्ले, मग नोव्हेंबरातली अमेरिकी निवडणूक, अशा प्रत्येक धक्क्यानंतर लोक शब्दकोश उघडून त्याचा अर्थ पाहत होते. समोरचं दृश्य खरं आहे हे डोळे सांगतात, ताळा मात्र जमत नाही.

दादरचा तोच रिकामा पूल स्वप्नात दिसला असता, तर त्या कुत्र्याला वळसा घालून आपण मुकाट्याने फलाट गाठला असता.