व्हिएतनामी कॉफी: टंचाईतून आलेला पाहुणचार

हनोईच्या जुन्या वस्तीत, न्गुयेन हू हुआन रस्त्यावर ३९ नंबरचं दार आहे. दोन दुकानांमधली अरुंद बोळ पार केली की गुडघ्याएवढी स्टुलं आणि त्यांवर खेटून बसलेली माणसं दिसतात. हे कॅफे झांग. इथे अंड्याच्या कॉफीचा कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, म्हणजे वरचा बलकाचा फेस निवत नाही. आधी चमच्याने फेस चाखायचा, मग खालची कडू कॉफी गाठायची. अंडं न खाणाऱ्यांनी आधीच सांगावं. फेस दिसायला अगदी सायीसारखा असतो, फसायला होतं.

व्हिएतनामच्या कॉफीच्या दुकानात परक्या माणसाला फार लवकर घरच्यासारखं वाटतं. घाई नाही, ऐट नाही, शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपलं स्टूल सरकवून जागा करतो. पण ज्या गोष्टींनी हे वातावरण तयार होतं, त्यांतल्या बऱ्याचशा हौसेने आलेल्या नाहीत. काहीतरी मिळत नव्हतं, म्हणून त्या आल्या.

पहिली उणीव दुधाची. फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांनी १८५७ च्या सुमारास कॉफीचं रोप इथे आणलं असं मानलं जातं. पुढे वसाहतीच्या काळात मळे उभे राहिले. कॉफी आली, पण दूध कुठून आणणार? म्हैस तिथेही दारोदार होती, पण ती भाताच्या खाचरात चिखलणीला. तिची धार काढायची रीतच नव्हती. त्यात हवा उष्ण, ताजं दूध टिकायचं नाही. मग डब्यातलं गोड, घट्ट दूध आलं आणि कायमचं राहिलं. आपल्याकडे तो डबा सणासुदीच्या गोडाधोडासाठी उघडतात, तिथे रोज सकाळी. उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाम एक झाल्यावर १९७६ मध्ये जुने खासगी कारखाने ताब्यात घेऊन सरकारी दूध कंपनी स्थापन झाली, तीच आजची विनामिल्क. पांढऱ्या दाढीच्या आजोबांचं चित्र असलेला तिचा ‘ओंग थो’चा डबा टपऱ्याटपऱ्यांवर दिसतो.

अंड्याची कॉफीही याच पोटातली. १९४६ मध्ये फ्रेंचांशी युद्ध पेटत होतं आणि हनोईत दुधाची चणचण होती. मेट्रोपोल हॉटेलात बारवर काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. मग त्यांनी स्वतःचं दुकान काढलं, आणि ते आजही त्यांच्या घरचेच लोक चालवतात. त्याच रस्त्यावरच्या कॅफे लामची ख्याती वेगळी. बुई झुआन फाय यांच्यासारखे चित्रकार तिथे बसायचे. खिशात पैसे नसले की उधारी चित्रांनी फिटायची, आणि मालकाने ती चित्रं जपली. फाय यांची चित्रं पुढे फार मोलाची झाली. गिऱ्हाईक सांभाळणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

फिन या कॉफीच्या गाळणीबद्दलही थोडं सांगायला हवं. तळाला भोकं असलेलं पत्र्याचं भांडं, आत दाबायची चकती, वर झाकण. ते थेट कपावरच बसतं. आपल्या दक्षिण भारतीय फिल्टरमध्ये कॉफीचा अर्क स्वयंपाकघरात आधीच उतरवून ठेवलेला असतो. इथे तो तुमच्यासमोर थेंबाथेंबाने गळतो, चार-पाच मिनिटं तरी जातातच. तेवढ्या वेळात करायचं काय? गप्पा, नाहीतर रस्ता बघणं. स्टुलांची तोंडं बहुधा रस्त्याकडेच असतात.

सायगॉनची, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह सिटीची, तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या चिनी वस्तीतून कापडी पिशवीतून गाळलेली कॉफी आली. १९३८ पासून चालू असलेल्या चेओ लेओ या दुकानात ती अजून मिळते. बर्फ घातलेल्या कॉफीमागोमाग न मागता पातळ थंड चहाचा ग्लास येतो, फुकट. संपला की पुन्हा भरतात. बिल मागितल्याशिवाय सहसा येत नाही. २०१७ मध्ये मध्यवर्ती भागातले फुटपाथ मोकळे करायची मोठी मोहीम निघाली होती, पण खुर्च्या-टेबलं हळूहळू परत आलीच.

कपातल्या बियांचा इतिहास मात्र इतका गोड नाही. व्हिएतनामची नव्वद टक्क्यांहून जास्त कॉफी रोबस्टा जातीची, अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिनची आणि कडू. ती पिकते मुख्यतः बुओन मा थुओतच्या आसपास, डाक लाक प्रांताच्या लाल मातीत. १९७७ मध्ये पूर्व जर्मनीत कॉफीची एवढी टंचाई झाली की सरकारने भेसळीचं मिश्रण विकायला काढलं आणि लोक भडकले. त्यातून १९८० मध्ये व्हिएतनामशी करार झाला: यंत्रं आणि पैसा जर्मनांचा, बदल्यात कॉफी. झाडं भरात येईपर्यंत १९९० उजाडलं आणि पूर्व जर्मनी नावाचा देशच उरला नाही! मळे राहिले. १९८६ च्या ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांनंतर शेती आणि व्यापार खुला झाला, आणि शतक संपेपर्यंत कोलंबियाला मागे टाकून व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल जगात दुसरा आला. आज तिथे वर्षाला पंधरा लाख टनांहून जास्त कॉफी होते. या भरभराटीपायी डोंगरांवरची जंगलं गेली. सखल भागातून लाखो लोक तिथे वसवले गेले आणि एदे, जराय या मूळ रहिवाशांच्या हातून जमिनी निसटल्या. शहरातल्या दुकानांत याचा विषय फारसा निघत नाही.

१९९६ मध्ये बुओन मा थुओतमध्ये सुरू झालेली चुंग न्गुयेन ही कॉफी कंपनी आणि तिच्यामागून आलेल्या इतर देशी साखळ्यांमुळे एसी दुकानांची सवय लागली. स्टारबक्स २०१३ मध्ये आलं, पण गल्लीतल्या दुकानांसमोर त्याची फार डाळ शिजली नाही. २००७ मध्ये हनोईत सुरू झालेल्या काँग साखळीने तर सुधारणांआधीच्या रेशनच्या दिवसांचीच सजावट केली: लष्करी हिरव्या भिंती, टवके उडालेले इनॅमलचे मग. नारळाची कॉफी मुख्यतः तिनेच लोकप्रिय केली. ज्यांनी रेशनसाठी रांगा लावल्या त्यांची नातवंडं आता तिथे फोटो काढतात.

२०२४ मध्ये दुष्काळाने पीक घटलं आणि बियांचा भाव किलोला एक लाख डाँगच्या (डाँग हे तिथलं चलन) वर गेला. त्याआधीच्या मंदीत डाक लाकमधल्या कित्येक शेतकऱ्यांनी कॉफी उपटून ड्युरियन लावलं होतं, कारण चीनमध्ये त्या फळाला पैसा चांगला मिळत होता.