दारावरच थांबणारं स्टेरॉइड

संप्रेरक रक्तातून शरीरभर फिरतं, पण त्याचा निरोप मोजक्याच पेशींना कळतो. निरोप घेणारं प्रथिन, म्हणजे ग्राही किंवा रिसेप्टर, फक्त त्यांच्याकडे असतं. हा ग्राही पेशीत नेमका कुठे बसतो, हा वाद बराच काळ चालला. तो सुटण्यात सागरी माशांच्या गाभोळीचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

1950 च्या दशकाच्या अखेरीस दोन शोध लागले. ॲड्रेनलिनचा निरोप पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू पोचवतो, हे अर्ल सदरलँड यांच्या कामातून कळलं. एलवूड जेन्सन यांना मात्र इस्ट्रोजेन पेशीच्या आतल्या प्रथिनाला चिकटलेलं आढळलं. त्यातून पुढे नियमच झाला: ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं दारावर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलावर, थांबतात; इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड संप्रेरकं आत शिरून जनुकं चालवतात.

अंडपेशी या नियमाला जुमानत नव्हती. 1970 च्या सुमारास बेडकाच्या अंडपेशीत प्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड टोचून पाहिलं, तर काही घडेना. तेच भोवतालच्या द्रवात मिसळलं की ती पक्व होई. म्हणजे स्टेरॉइडलाही दारावर कुणीतरी भेटत होतं.

माशाची अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या, सुरुवातीलाच थांबते आणि तशीच वाढत राहते. पियुषिका ग्रंथीचा इशारा आला की भोवतालच्या पेशी एक स्टेरॉइड तयार करतात आणि थांबलेलं विभाजन पुढे सरकतं. तरंगती अंडी घालणाऱ्या सागरी माशांत त्याच वेळी बलकातली प्रथिनं फुटतात, पाणी आत ओढलं जातं आणि अंडं फुगून पारदर्शक होतं. एका रेणूमुळे एवढी उलथापालथ होते, याचं मला आजही नवल वाटतं.

घोळ आणि ढोमा यांच्याच कुळातल्या अटलांटिक क्रोकरमध्ये हे स्टेरॉइड 1986 साली ओळखलं गेलं. टेक्सस विद्यापीठाच्या सागरी विज्ञान संस्थेतले पीटर थॉमस त्या कामात होते. 1990 मध्ये त्याच कुळातल्या ठिपकेदार सीट्राउटच्या गाभोळीत, पेशीपटलावर, स्टेरॉइडला धरून ठेवणारी जागा सापडली. तिचं जनुक हाती यायला मात्र 2003 साल उजाडलं. योंग झू, थॉमस आणि सहकाऱ्यांना मिळालेलं प्रथिन, त्याच्या रचनेच्या अंदाजानुसार, पेशीपटलातून सात वेळा आरपार जातं. स्टेरॉइड त्याला जुळलं की जी-प्रथिनामार्फत (पटलाच्या आतल्या बाजूचं, निरोप पुढे नेणारं प्रथिन) विभाजन अडवून धरणारं सायक्लिक एएमपी घटतं आणि ती अडवणूक संपते. या प्रथिनाचे भाऊबंद लगोलग माणसातही आढळले. काही प्रयोगशाळांनी शंका घेतल्या, तो वाद पुढे काही वर्षं चालला.

जनुक मिळण्याआधीच, 1999 मध्ये, एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली होती. केपोन हे कीटकनाशक आणि डीडीटीच्या गटातलं एक रसायन सीट्राउटच्या अंडपेशीवरची हीच जागा अडवतात आणि तिचं पक्व होणं रोखतात.