फ्लशच्या टाकीतली केसभर फट

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. गळक्या नळाचा फोटो, आणि खाली ‘सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला शेकडो लिटर’ असा काहीतरी हिशेब. मेसेजमागची तळमळ खरी असते, आकडा मात्र खोटा. दिवसाचे सेकंद ८६,४००. औषधाच्या ड्रॉपरचा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. नळाचं तोंड रुंद, त्यामुळे पृष्ठताणाला जास्त वजन पेलता येतं आणि थेंब ०.२ मिलिलिटरच्या आसपास जातो. गुणाकार केला की सतराएक लिटर येतात, म्हणजे एक बादली. तीही वाया जाऊ नये हे कबूल. पण थेंब टपटप वाजतो, रात्री झोप मोडतो, म्हणून आज ना उद्या प्लंबर येतोच. खरा चोर न वाजणारा आहे आणि तो कमोडच्या मागे, फ्लशच्या टाकीत बसलेला असतो.

त्या टाकीतून मिलिलिटरभर पाणी दर सेकंदाला झिरपत असेल तर कमोडच्या उतारावर ते दिसतही नाही. पांढऱ्या चिनी मातीवरून पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतं आणि तळाच्या पाण्यात मिसळतं. आवाज नाही, ओल नाही. दिवसाला मात्र ८६ लिटर जातात. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावं, असं आपल्याकडचं सरकारी मानक सांगतं. त्याच्या निम्म्याहून जास्त पाणी इथे एका टाकीच्या बुडातून निघून जातं.

हे बूड कसं बंद होतं ते आधी बघू. टाकीच्या तळाला पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचं भोक असतं. त्याच्या काठाला सीट म्हणतात, आणि त्यावर रबराचा किंवा सिलिकॉनचा वॉशर बसतो. तो दाबून धरायला स्प्रिंग लागत नाही, ते काम पाणीच करतं. साध्या फ्लॅपचं, म्हणजे बिजागरीवर उघडणाऱ्या झडपेचं, उदाहरण घ्या. भोक पाच सेंटिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटिमीटर. वर २० सेंटिमीटर पाणी उभं. म्हणजे वॉशरवर ४०० ग्रॅमचा भार. हा भार सीटच्या दोन मिलिमीटर रुंद कडेवर वाटला जातो. कडेचं क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरच्या जरा वर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम. उलट फटीत घुसू पाहणाऱ्या पाण्याचा दाब फक्त २० ग्रॅम. सामना एकतर्फी आहे. वॉशर मऊ आणि सीट गुळगुळीत असेल तर पाणी स्वतःचीच वाट स्वतः बंद करतं. मला ही रचना फार आवडते.

मग गळतं कशामुळे? एका कणामुळे. टँकरच्या पाण्यातली रेती, जुन्या लोखंडी पाइपातून सुटलेला गंजाचा कपचा किंवा क्षाराचा खडा वॉशर आणि सीट यांच्यामध्ये अडकतो. कण ०.१ मिलिमीटरचा धरा, म्हणजे जाडसर केसाएवढा. तो वॉशरची कड तेवढ्यापुरती उचलतो आणि दोन्ही बाजूंना मिळून सेंटिमीटरभर लांबीची फट उरते. केसाएवढ्या फटीतून असं कितीसं पाणी जाणार, असं वाटतं. इथे थोडं थांबू, कारण सगळी गंमत या फटीत आहे.

अरुंद फटीतून पाणी वाहतं तेव्हा भिंतीला चिकटलेला थर हलतच नाही आणि सगळ्यात वेगवान असतो तो मधला थर. पाण्याला पुढे ढकलणारा जोर म्हणजे दाब गुणिले फटीची उंची. मागे खेचणारं घर्षण थरांच्या वेगातल्या फरकावर अवलंबून असतं, म्हणजे ढोबळमानाने वेग भागिले उंची. दोन्ही समान झाले की प्रवाह स्थिर होतो. वेग भागिले उंची हे उंचीच्या प्रमाणात, म्हणजेच वेग उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात. उंची दुप्पट केली तर वेग चौपट. शिवाय पाण्याला जायला जागाही दुप्पट. चौपट वेग, दुप्पट जागा, एकूण आठपट पाणी. गळती फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ती अशी. गोल नळीत हेच गणित एक पायरी आणखी वर जातं आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. ते मोजून दाखवलं प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने, १८४० च्या सुमारास. त्याला कुतूहल होतं केशवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं याचं.

आता आकडे घालू. फटीची लांबी एक सेंटिमीटर, उंची ०.१ मिलिमीटर, सीटची कड दोन मिलिमीटर, वर २० सेंटिमीटर पाणी. सूत्रात घनाच्या खाली बाराने भागावं लागतं, आणि पाण्याची विष्यंदिता, म्हणजे थरांचं एकमेकांना घासणं, हीसुद्धा भाजकात येते. उत्तर मिळतं सेकंदाला ०.८ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला सत्तर लिटर. फटीच्या तोंडाशी पाण्याला वेग घेताना थोडा दाब खर्च होतो, म्हणून साठ म्हणा. कण निम्म्या जाडीचा असता तर? गळती आठव्या हिश्श्यावर, आठ-नऊ लिटरवर आली असती. दुप्पट जाडीचा असता तर आठपट म्हणायचा मोह होतो, पण तिथे हा नियम टिकत नाही. उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला जेवढा वेग मिळू शकतो त्याच्या पलीकडे फटीतलं पाणी जाऊच शकत नाही, आणि २० सेंटिमीटरला ती मर्यादा सेकंदाला दोन मीटरची आहे. म्हणजे घनाचा नियम खरा चालतो तो बारीक, न दिसणाऱ्या फटींत.

विष्यंदितेचा उल्लेख उगाच केला नाही. २० अंशांचं पाणी ३५ अंशांपर्यंत तापलं की तिची किंमत पाव हिश्श्याहून जास्त कमी होते आणि त्याच फटीतून चाळीसेक टक्के जास्त पाणी जातं. डिसेंबरमध्ये कुणाला न जाणवलेली गळती मे महिन्यात, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तापल्यावर, अशी वाढलेली असते. आणि टँकर मागवायचे दिवसही तेच.

पूर्वीच्या टाक्यांना हा रोग नव्हता. मुंबईच्या जुन्या चाळींत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये डोक्यावर बसवलेली बिडाची टाकी आणि तिची लोंबती साखळी अनेकांना आठवत असेल. तिच्या तळाला झडप नव्हतीच. मधोमध एक उभी नळी, तिचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, आणि त्यावर उपडी घातलेली बिडाची घंटा. साखळी ओढून सोडली की घंटा आदळायची, आतलं पाणी उसळून नळीच्या तोंडात जायचं आणि वक्रनलिका (सायफन) सुरू व्हायची. मग सगळी टाकी रिकामी झाल्याशिवाय ती थांबत नसे. आवाज गडगडाटी, पाणीही भरपूर लागायचं. पण नळीचं तोंड पाण्याच्या वर असल्यामुळे तळातून झिरपायला रस्ताच नव्हता. ब्रिटनमध्ये तर वक्रनलिकेचीच टाकी हवी हा नियम फार काळ टिकला. झडपेच्या टाक्यांना तिथे २००१ पासून मुभा मिळाली. (थॉमस क्रॅपर नावाच्या माणसाने फ्लशचा शोध लावला, ही लोणकढी थाप आहे. तो प्लंबर आणि व्यावसायिक होता. कमोडखालच्या वाकड्या नळीचं पेटंट तर त्याच्या जन्माआधी, १७७५ साली, अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतलं होतं.)

दोन बटणांचा फ्लश आला ऑस्ट्रेलियातून. कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसनने १९८० साली तो बनवला, मोठ्या बटणाला ११ लिटर आणि छोट्याला साडेपाच. आता ते आकडे सहा आणि तीनवर आले आहेत. कल्पना उत्तम, पण तिच्यात एक मेख आहे. या टाक्यांत मधल्या मनोऱ्यातूनच ओव्हरफ्लोची, म्हणजे जास्तीचं पाणी कमोडमध्ये सोडणारी, पोकळ नळी जाते, त्यामुळे पाण्याचा भार पूर्ण वर्तुळावर न पडता नळीभोवतीच्या कड्यावरच पडतो आणि वॉशरला मिळणारा दाब बराच कमी होतो. त्यात एखादा कण अडकला की झालं. पाणी वाचवायला बसवलेले हे फ्लश गळून गळून वाचवलेल्यापेक्षा जास्त पाणी घालवतात, अशी तक्रार २०२० साली ब्रिटनमधल्या पाणीपुरवठा कंपन्यांनीच मांडली. म्हणून मी दुहेरी फ्लशच्या विरोधात आहे असं नाही. त्याला देखभाल लागते, आणि ती लागते हे दुकानदार सांगत नाही एवढंच.

टाकीतून पाणी जायला दुसरी वाट वरून आहे. टाकी भरली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, वर येतो आणि नळ बंद करतो. त्या झडपेचा वॉशर झिजला किंवा फ्लोट वर सरकवून ठेवला असला की पातळी ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत चढते आणि जास्तीचं पाणी गुपचूप कमोडमध्ये उतरतं. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर हे जास्त होतं, कारण डोक्यावर ३० मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोचा दाब. रात्री तर तो आणखी वाढतो. दिवसा सगळ्यांचे नळ चालू असताना पाइपातल्या घर्षणात थोडा दाब खर्ची पडतो. रात्री पाणी थांबलेलं, घर्षण शून्य, दाब पूर्ण. दिवसा शहाण्यासारखा वागणारा फ्लोट रात्री दोनला गळतो, तो म्हणून.

कुठून गळतंय हे ओळखणं सोपं आहे. टाकीचं झाकण काढा, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा, भिंतीजवळचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा आणि तासाभराने बघा. पातळी खाली गेली असेल तर तळाचा वॉशर. आधी ओव्हरफ्लोच्या तोंडाला टेकलेली पातळी तिथेच राहिली असेल तर फ्लोट. फक्त खात्री करायची असेल तर जिलेबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. कमोडच्या पाण्यात रंग उतरला की गळती पक्की. हळद टाकू नका. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती तळाशी बसते, आणि गळती असूनही नाही असं वाटू शकतं. भिंतीत गाडलेल्या टाकीलाही हा रंग चालतो. बटणाची पट्टी काढली की आत हात जाण्याइतकी जागा असते.

क्षाराकडे वेगळं बघायला हवं, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे हा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जमिनीतून येताना हे पाणी कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने कॅल्शियम विरघळवून आणतं. टाकीत वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट बसतं, सीटच्या कडेवरसुद्धा. बोट फिरवलं की खरखरीत लागतं ते हेच. यावर पाइपला बाहेरून चिकटवायची चुंबकं विकायला माणसं सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतात. त्यांना एकच विचारा, चुंबकाच्या आधी आणि नंतर कठीणपणा किती मिलिग्रॅम? तो तेवढाच राहतो. कठीणपणा खरोखर उतरतो मिठावर चालणाऱ्या आयन-विनिमय यंत्राने (वॉटर सॉफ्टनरने). आणि गळत्या संडासातून लक्ष्मी जाते म्हणून कोपऱ्यात पिरॅमिड ठेवायला सांगणारे वास्तुतज्ज्ञही आहेतच. त्या पिरॅमिडच्या पैशात वॉशर डझनाने येतील.

क्षार काढायला लिंबूसत्त्व पुरतं. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे घालून वॉशर अर्धा तास बुडवून ठेवायचा, आणि त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सीट पुसायची. हार्डवेअरच्या दुकानातलं बाटलीतलं ॲसिड टाकीत ओतू नका. ते टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट आणि धातूचे भाग खातं, आणि ब्लीचिंगशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जीवघेणा ठरतो. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनीही रबर कडक होतं. रबर कडक झालं की ते सीटच्या खाचाखोचांत बसत नाही, मग कण अडकायचीही गरज राहत नाही.

बाकी घरातल्या प्लंबिंगचं थोडक्यात. अँगल कॉक दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-उघड करत जा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो जाम झालेला सापडतो. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची. कनेक्शन पाइपच्या टोकाला रबरी वॉशर असतो तिथे टेप लावायचीच नसते, सील वॉशर करतो. प्लॅस्टिकचे नट पान्याने आवळू नयेत. पाहुण्यांच्या बाथरूममधून वास येत असेल तर आधी जाळीखालच्या नाहणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, उन्हाळ्यात तिथलं पाणी सुकून गटाराला वाट मोकळी मिळालेली असते. खालच्या मजल्यावर ओल आली असेल तर तो बहुधा टाकीचा दोष नसतो, कमोडच्या बुडाचा किंवा फरशीच्या सांध्याचा असतो. तिथेही भांडण्याआधी रंग टाकून बघावं.

वॉशर आणायला जाताना जुना सोबत न्या. नुसतं ‘दोन इंची’ सांगून चालत नाही, कारण आतला व्यास आणि जाडी दर कंपनीची वेगळी असते. बसवायच्या आधी सीटवरून पुन्हा बोट फिरवा, आणि बसवल्यावर पुन्हा एकदा चिमूटभर रंग.