न सांगता धडधडणाऱ्या पेशी

प्लास्टिकची छोटी बशी, तिच्यात गुलाबी द्रव आणि तळाशी हृदयाच्या बनू घातलेल्या पेशींचा पातळ थर. पहिला आठवडा त्यात बघण्यासारखं काही नसतं. उलट सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत इतक्या पेशी मरून तरंगू लागतात, की नवख्या विद्यार्थ्याला वाटावं, सगळं फुकट गेलं. मग आठव्या-दहाव्या दिवशी एका कडेला ठिपकाभर जागा फडफडते, पापणी लवावी तशी. पुढच्या काही दिवसांत अख्खा थर एका ठेक्यात आकसू लागतो.

या पेशींची सुरुवात मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलपासून होते. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये त्या मानवी भ्रूणातून मिळवल्या. पुढे शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशीच मागे नेऊन मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. पण त्यांना हृदयाकडे वळवायचं कसं? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शॉन पालेचेक यांच्या गटाने २०१२ मध्ये दिलेली कृती आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे. एका रसायनाने ‘विंट’ नावाचा पेशीतला संदेशमार्ग दिवसभर चेतवायचा आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या रसायनाने तोच दाबायचा. गर्भातही हाच क्रम असतो: आधी चेतवणं, मग शांत करणं. पथ्य एकच, पहिला आठवडा इन्सुलिन द्यायचं नाही.

हृदयपेशी न झालेल्या पेशींची भेसळ मात्र उरतेच. त्यावर तोक्योच्या केओ विद्यापीठातली युक्ती मला फार आवडते. द्रवातलं ग्लुकोज काढून टाकायचं आणि फक्त लॅक्टेट, म्हणजे ग्लुकोज मोडून बनणारा पदार्थ, द्यायचं. हृदयपेशी त्यावर तगतात, बाकीच्या उपाशी मरतात.

हा खटाटोप कशासाठी? हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात सुमारे १०० कोटी स्नायूपेशी मरू शकतात आणि हृदयाला ती तूट भरून काढता येत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बन-१४ वरून २००९ मध्ये हिशेब मांडला: पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता त्या धडधडीकडे वळू. बशीत ती बघताना हरखून जायला होतं, पण खरं तर ते कच्चेपणाचं लक्षण आहे. प्रौढ माणसाच्या निलयातली, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातली स्नायूपेशी स्वतःहून धडधडत नाही; उजव्या अलिंदातल्या, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या गाठीकडून विजेचा इशारा येईपर्यंत ती गप्प बसते. बशीतली पेशी गर्भातल्यासारखी असते. आकाराने गोलसर, ग्लुकोजवर जगणारी आणि कुणी न सांगता ठेका धरणारी.

सिएटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने झटका आलेल्या माकडांच्या हृदयात अशा १०० कोटी पेशी सोडल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. पेशी रुजल्या, यजमान हृदयाशी विजेने जोडल्याही गेल्या. पण प्रत्येक माकडाच्या हृदयाचे ठोके अधूनमधून बिघडले. जीवघेणे ठरले नाहीत, एवढंच. तबलजी ठेका धरून आहे आणि मागे कुणी आपलाच वेगळा ताल वाजवतंय, असा तो प्रकार.

मग याच गटाने पेशींचा आपणहून धडधडण्याचा गुणच काढायचं ठरवलं. आयनांची, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांची ये-जा सांभाळणारी तीन जनुकं बंद केली, चौथ्याचं काम वाढवलं आणि २०२३ मध्ये त्या पेशी दाखवल्या. बशीत त्या निवांत पडून राहतात. विजेचा हलका झटका दिला, की एकदा आकसतात आणि पुन्हा गप्प होतात. डुकरांच्या हृदयात सोडल्यावरही ठोके सतत बिघडलेले राहिले नाहीत.